सहा चाली अगदी सारख्या, तरी स्पास्की हरला कसा? फिशरच्या आठव्या डावाची गोष्ट

२७ जुलै १९७२. आइसलँडची राजधानी रेक्याविक. जगज्जेतेपदाच्या लढतीचा आठवा डाव. एका बाजूला अमेरिकेचा बॉबी फिशर, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत युनियनचा जगज्जेता बोरिस स्पास्की.

फिशरनं पहिली चाल केली, स्पास्कीनं तीच चाल आपल्या बाजूनं केली. फिशरनं घोडा काढला, स्पास्कीनंही काढला. असं करत सहा चाली झाल्या आणि पट असा दिसू लागला, जणू मधोमध आरसा उभा केलाय. जे पांढऱ्याकडं, तेच काळ्याकडं. एका प्याद्याचाही फरक नाही.

आता कुणालाही वाटेल की दोघांकडं सगळं सारखंच आहे, म्हणजे हा डाव बरोबरीत सुटणार. पण ३७ चालींत स्पास्कीनं डाव सोडला.

मग सारखेपणात असं काय दडलेलं असतं, की जगज्जेताही त्यात फसतो? आरशासारखी ही सुरुवात असते तरी काय? एकेक करून समजून घेऊ.

बगलेवरून सुरुवात म्हणजे काय?

बुद्धिबळ शिकताना पहिला धडा मिळतो तो मधल्या घरांचा. पटाच्या मधली चार घरं ज्याच्या ताब्यात, त्याचे मोहरे मोकळे फिरतात. म्हणून बहुतेक जण राजासमोरचं नाहीतर वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं ढकलून डाव सुरू करतात.

पण दुसरी एक पद्धत आहे. यात मधल्या घरांवर थेट जाऊन बसायचं नाही. बाजूच्या प्याद्यांनी आणि उंटांनी लांबूनच त्यांच्यावर नेम धरायचा. किल्ल्यावर समोरून चाल करून न जाता आजूबाजूच्या डोंगरांवर तोफा चढवाव्यात, तसा हा प्रकार. याला फ्लँक ओपनिंग म्हणतात. फ्लँक म्हणजे बगल.

यातली सगळ्यात प्रसिद्ध सुरुवात म्हणजे इंग्लिश ओपनिंग. पांढरा वजिराच्या बाजूच्या उंटासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकतो. बुद्धिबळाच्या नोंदीत पटाचे उभे रकाने ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८ अशा मोजतात. त्या हिशेबानं ही चाल सी४.

इंग्लिश हे नाव पडलं ते इंग्लंडच्या हॉवर्ड स्टॉन्टनमुळं. १८४३ मध्ये पॅरिसला फ्रान्सच्या सेंट-अमांविरुद्धच्या गाजलेल्या लढतीत त्यानं ही सुरुवात वापरली. पण तिला खरा मान मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रिचर्ड रेटीनं जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, तेही अशाच बगलेवरून केलेल्या सुरुवातीनं. त्याआधी आठ वर्षं कापाब्लांका एकही डाव हरला नव्हता. त्या डावानंतर बगलेवरच्या सुरुवातीकडं सगळेच गंभीरपणे बघू लागले.

आणि सिमेट्रिकल म्हणजे?

पांढऱ्यानं सी४ केल्यावर काळ्याकडं बरेच पर्याय असतात. त्यातला एक म्हणजे आपलंही तेच प्यादं दोन घरं पुढं टाकायचं, म्हणजे सी५. दोन्ही प्यादी समोरासमोर येऊन उभी राहतात. ही झाली सिमेट्रिकल इंग्लिश.

पुढं दोघंही आपले दोन्ही घोडे बाहेर काढतात. राजाच्या बाजूचं घोड्यासमोरचं प्यादं एक घर सरकवतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत उंट बसवतात. या उंटाचा रोख पटाच्या एका कोपऱ्यापासून थेट दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत असतो. मग दोघंही कॅसलिंग करतात, म्हणजे किल्लेकोट बांधून राजाला सुरक्षित करतात. फिशर आणि स्पास्कीच्या पहिल्या सहा चाली नेमक्या याच होत्या.

मग शेवटपर्यंत नक्कलच केली तर?

हा प्रश्न बुद्धिबळ शिकणारं प्रत्येक लहान पोर विचारतं. समोरचा करेल तेच आपण करत राहिलो तर हरूच कसे?

उत्तर सोपं आहे. नक्कल करणारा कायम एक चाल मागं असतो. आणि समोरच्यानं शह दिला की नक्कल तिथंच थांबते, कारण आधी आपला राजा वाचवावा लागतो.

याचं एक जुनं उदाहरण आहे. दोघंही राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकतात. दोघंही राजाच्या बाजूचा घोडा काढतात. पांढरा घोड्यानं काळ्याचं प्यादं मारतो, काळाही पांढऱ्याचं मारतो. पांढरा वजीर राजासमोर ई२ घरात आणून काळ्याच्या घोड्यावर रोख धरतो. काळा घाबरून घोडा मागं घेतो आणि तिथंच सगळं बिघडतं. पांढरा आपला घोडा सी६ वर उडवतो. मधली वाट मोकळी झाल्यानं वजिराचा शह काळ्या राजाला बसतो आणि त्याच वेळी तो घोडा काळ्याच्या वजिरावर चाल करून गेलेला असतो. राजा वाचवावा तर वजीर जातो. पाच चालींत खेळ आटोपला.

सिमेट्रिकल इंग्लिशमध्ये असं लगेच होत नाही. दोन्ही फौजा एकमेकींपासून लांब असतात, त्यामुळं नक्कल बऱ्याच चाली टिकते. म्हणूनच ती जास्त फसवी. एका चालीचा फरक असतोच, फक्त तो दिसत नाही.

रेक्याविकमध्ये तोवर काय काय झालं होतं?

हा डाव किती महत्त्वाचा होता हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

१९४८ पासून बुद्धिबळाचं जगज्जेतेपद सोव्हिएत युनियनच्या बाहेर गेलं नव्हतं. १९६९ मध्ये पेट्रोशनला हरवून स्पास्की जगज्जेता झाला होता. शीतयुद्धाचा काळ. त्यात अमेरिकेचा फिशर आव्हान द्यायला उभा राहिला, त्यामुळं पटावरच्या लढाईला दोन महासत्तांच्या लढाईचं रूप आलं.

फिशर रेक्याविकला वेळेवर पोहोचलाच नाही. पैशांवरून त्याचं अडलं होतं. ब्रिटिश उद्योजक जिम स्लेटरनं बक्षिसाची रक्कम १,२५,००० डॉलरवरून दुप्पट केली आणि मग कुठं फिशर विमानात बसला. ११ जुलैला पहिला डाव झाला. तो फिशर हरला. दुसऱ्या डावाला कॅमेऱ्यांच्या वादावरून तो आलाच नाही, तो डावही स्पास्कीला बहाल झाला. २-० अशी पिछाडी.

तिसरा डाव फिशरच्या हट्टामुळं प्रेक्षकांपासून दूर, आतल्या एका छोट्या खोलीत झाला. तो फिशरनं जिंकला. स्पास्कीला त्यानं हरवलं ते आयुष्यात पहिल्यांदाच. तिथून वारं फिरलं. चौथा डाव बरोबरीत, पाचवा आणि सहावा फिशरचा, सातवा पुन्हा बरोबरीत.

आठव्या डावाआधी गुण होते फिशर ४, स्पास्की ३. एकूण डाव होते २४. जगज्जेतेपद राखायला स्पास्कीला १२ गुण पुरेसे होते, फिशरला मात्र साडेबारा हवे होते. म्हणजे अजून काहीही होऊ शकत होतं. स्पास्की हा डाव जिंकला असता तर गुण ४-४ झाले असते.

फिशरनं सवय का मोडली?

फिशर म्हणजे राजासमोरचं प्यादं, हे समीकरण पक्कं होतं. लहानपणापासून पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना तो जवळजवळ नेहमीच ई४ करायचा. सोव्हिएत संघानं तयारीही त्याच हिशेबानं केली असणार हे उघड होतं.

मग सहाव्या डावात फिशरनं सी४ केलं. तो डाव पुढं वेगळ्याच वळणानं वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीत गेला, म्हणजे क्वीन्स गँबिटमध्ये. तिथंही फिशर इतका सुंदर खेळला की डाव संपल्यावर प्रेक्षकांसोबत स्वतः स्पास्कीनंही टाळ्या वाजवल्या.

आठव्या डावात फिशरनं पुन्हा सी४ केलं. या वेळी स्पास्कीनं सी५ नं उत्तर दिलं आणि डाव खऱ्याखुऱ्या सिमेट्रिकल इंग्लिशमध्ये शिरला. तयारी एका रस्त्याची करावी आणि समोरच्यानं गाडी दुसऱ्याच रस्त्याला घालावी, तशी स्पास्कीची गत झाली.

आरसा कुठं फुटला?

सातव्या चालीला फिशरनं वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं. डी४. स्पास्कीनं ते मारलं. फिशरनं घोड्यानं परत मारलं. स्पास्कीनं घोड्याला घोडा मारला आणि फिशरनं तो वजिरानं टिपला. दोन्हीकडं एकेक घोडा आणि एकेक प्यादं गेलं. मोजणी केली तर अजूनही सगळं सारखंच.

पण नीट बघितलं तर आता सारखं काहीच राहिलं नव्हतं.

पांढऱ्याचा गेला तो राजाच्या बाजूचा घोडा. काळ्याचा गेला तो वजिराच्या बाजूचा. त्यामुळं पांढऱ्याच्या जी२ वरच्या उंटासमोरची वाट मोकळी झाली आणि त्याचा रोख थेट काळ्याच्या छावणीवर आला. काळ्याचा उंटही तसाच कोपऱ्यात बसलेला होता, पण त्याच्या वाटेत त्याचाच घोडा उभा होता. दोघांकडं उंट सारखाच, जागाही सारखीच, काम मात्र एकाचाच करत होता.

दुसरा फरक प्याद्यांचा. पांढऱ्याचं सी४ वरचं प्यादं टिकलं होतं आणि ते डी५ या मोक्याच्या घरावर पहारा देत होतं. काळ्याचं तेच प्यादं आता पटावर नव्हतं.

हे फरक लहान आहेत. यानं डाव हरत नाही कुणी. पण अशा ठिकाणी पांढऱ्याला चुकायला थोडी जास्त मोकळीक असते आणि काळ्याला थोडी कमी. स्पास्कीनं नेमकी तीच ओलांडली.

पंधरावी चाल

स्पास्कीनं आपला वजीर ए५ वर नेला होता. दोन्ही हत्ती बी८ आणि सी८ वर शेजारी शेजारी आणले होते. बेत उघड होता: वजिराच्या बाजूची प्यादी पुढं ढकलून तिथं लढाई सुरू करायची. चौदाव्या चालीला त्यानं ए७ वरचं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

फिशरनं उत्तर दिलं ते शांतपणे. उंट ई३ वर.

आणि स्पास्कीनं बेत तडीस नेला. पंधरावी चाल, बी५.

इथं थोडं थांबून बघू. ए७ वरचं प्यादं पुढं गेल्यानं ते घर रिकामं झालं होतं. फिशरचा ई३ वरचा उंट थेट तिथं जाऊन बसला आणि त्यानं बी८ वरच्या हत्तीवर हल्ला केला. हत्तीनं पळायचं कुठं? बी६ वर गेला तर हाच उंट मारतो. उजवीकडं स्वतःचाच दुसरा हत्ती. बी७ किंवा ए८ वर गेला तर जी२ वरचा दुसरा उंट मारतो, कारण बी७ वरचं प्यादं आताच पुढं गेलं होतं आणि तिरकी वाट पार कोपऱ्यापर्यंत मोकळी झाली होती.

दोन्ही प्यादी स्पास्कीनं स्वतःच्या हातानं सरकवली होती. दोन उंटांनी मिळून हत्ती कोंडला तो त्याच रिकाम्या झालेल्या घरांमुळं.

स्पास्कीनं हत्ती दिला आणि बदल्यात उंट व एक प्यादं घेतलं. ढोबळ हिशेबात हत्तीची किंमत पाच, उंटाची तीन आणि प्याद्याची एक धरतात. म्हणजे तोटा एका गुणाचा. हा मुद्दाम केलेला त्याग होता की नजरचूक, यावर जाणकारांत बरीच चर्चा झाली. पण डाव इथं संपला नव्हता. एका प्याद्याची भरपाई असेल तर अशा स्थितीत झुंज देता येते.

एकोणिसावी चाल

खरा घाव बसला तो चार चालींनंतर.

फिशरचा वजीर डी२ वर आणि स्पास्कीचा ए५ वर. दोघं एकाच तिरक्या रेषेत समोरासमोर. मध्ये फक्त सी३ वर फिशरचा घोडा. म्हणजे तो घोडा हलला की पडदा बाजूला होणार आणि वजीर वजिरावर येणार. बुद्धिबळात याला डिस्कव्हर्ड अटॅक म्हणतात, आपल्या भाषेत पडद्याआडचा मारा. ही रेषा चौदाव्या चालीपासूनच तिथं होती.

एकोणिसाव्या चालीला फिशरनं हत्ती डी१ वर आणून वजिराच्या पाठीशी उभा केला. आता पडदा उघडायची तयारी पूर्ण झाली होती. स्पास्कीनं यावर घोडा डी७ वर नेला. या चालीनं तो धोका टळत नव्हता.

फिशरनं घोडा उडवला तो थेट डी५ वर. आता दोन गोष्टी एकदम झाल्या. वजिरावर वजीर आला आणि घोड्याचा डोळा ई७ च्या प्याद्यावर गेला. स्पास्कीला वजीर मारण्यावाचून पर्याय नव्हता. त्यानं मारला.

नवशिका खेळाडू इथं लगेच वजीर परत मारेल. फिशरनं तसं केलं नाही. त्यानं आधी घोड्यानं ई७ चं प्यादं मारत राजाला शह दिला. राजा हलवणं भाग होतं. मग त्यानं हत्तीनं वजीर मारला. स्पास्कीच्या राजानं घोडा मारला, तर फिशरच्या दुसऱ्या हत्तीनं सी४ वरचा उंट टिपला.

धूळ खाली बसल्यावर हिशेब असा होता. दोघांकडं पाच-पाच प्यादी. फिशरकडं दोन हत्ती आणि एक उंट. स्पास्कीकडं एक हत्ती, एक उंट आणि एक घोडा. पंधराव्या चालीत हत्ती देताना भरपाई म्हणून जे एक प्यादं मिळालं होतं, तेवढंही गेलं होतं.

यापुढचा खेळ फिशरनं अजिबात घाई न करता संपवला. मधली प्यादी पुढं आणली, दोन्ही हत्ती डी रकान्यात एकामागं एक लावले आणि छत्तिसाव्या चालीला काळ्याचं डी६ वरचं प्यादं उचललं. सदतिसाव्या चालीनंतर स्पास्कीनं डाव सोडला. त्या काळी लांबलेले डाव चाळीस चालींनंतर तहकूब करून दुसऱ्या दिवशी पुढं खेळत. इथं ती वेळच आली नाही.

पुढं काय झालं?

गुण झाले फिशर ५, स्पास्की ३. एका गुणाची आघाडी दोनावर गेली. स्पास्कीनं पुढं अकरावा डाव जिंकून दाखवला, पण दरम्यान दहावा हरला आणि नंतर तेरावाही. एकविसाव्या डावानंतर साडेबारा विरुद्ध साडेआठ अशा गुणांनी फिशर जगज्जेता झाला. १९४८ पासूनची सोव्हिएत मक्तेदारी मोडली.

या लढतीतला सहावा डाव सगळ्यांच्या तोंडी असतो, कारण तो सुंदर होता. आठवा फारसा कुणाला आठवत नाही. त्यात स्पास्कीच्या दोन ढोबळ चुका आहेत, म्हणून जाणकार त्याला महान डाव मानत नाहीत. पण शिकणाऱ्यांसाठी तो मोलाचा आहे. सुंदर डावातून थक्क व्हायला होतं, चुकीच्या डावातून चूक होते कशी ते कळतं.

बगलेवरची सुरुवात आजही चालते?

चालते, आणि थेट जगज्जेतेपदाच्या लढतीत. डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यात लढत झाली. अकराव्या डावाआधी दोघांचे गुण सारखे होते. त्या डावात गुकेशनं पहिल्या चालीत घोडा काढला आणि दुसऱ्या चालीत सी४ केलं. डिंगच्या वजिराची एक चाल चुकली आणि गुकेश जिंकला. दुसऱ्याच दिवशी बाराव्या डावात डिंगनं पहिलीच चाल सी४ करून बरोबरी साधली. शेवटी गुकेश साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी जगज्जेता झाला, पण त्या दोन दिवसांत दोघांनीही हत्यार उचललं ते बगलेवरचंच.

याचं कारण साधं आहे. आता प्रत्येकाकडं संगणक आहे. सरळ मधून जाणाऱ्या सुरुवातींच्या वीस-वीस चाली खेळाडूंना पाठ असतात. बगलेवरून गेलं की पाठांतर लवकर संपतं आणि स्वतःच्या डोक्यानं खेळायची वेळ येते.

तर मग या डावातून घ्यायचं काय?

पटावर सगळं सारखं दिसलं म्हणजे सगळं सारखं असतं असं नाही. मोहरे किती आहेत ते मोजणं सोपं. त्यातले किती मोकळे आहेत आणि किती नुसते बसून आहेत, हे बघायला वेळ लागतो. रेक्याविकमध्ये दोघांचे उंट एकसारख्याच जागी होते. एकाच्या समोर वाट मोकळी होती, दुसऱ्याच्या समोर त्याचाच घोडा.

दुसरी गोष्ट, प्यादं मागं येत नाही. घोडा, उंट, हत्ती चुकला तर परत आणता येतो. प्यादं पुढं गेलं की मागं राहिलेलं घर कायमचं उघडं. स्पास्कीनं दोन प्यादी सरकवली आणि नेमक्या त्याच दोन घरांमुळं त्याचा हत्ती कोंडला गेला.

पुढच्या वेळी मोबाइलवर डाव मांडलात आणि समोरचा तुमचीच नक्कल करताना दिसला, तर वैतागू नका. सातव्या चालीला आरसा फोडायचा हक्क पांढऱ्याचा असतो. आणि काळे मोहरे तुमचे असतील, तर प्यादं पुढं सरकवण्याआधी एकदा मागं उरणाऱ्या रिकाम्या घराकडं बघा.